दुकान वाढवले आहे

१

चैत्राचं ऊन तापलं की फणसवाडीतल्या कालिंदी भाटवडेकरांच्या गॅलरीत मिरच्या वाळत पडत, आणि वाळल्या की लालबागला तोरसकरांच्या कांडपावर जात. नवरा होता तेव्हाही हे असंच होतं, नवरा गेल्यावरही, आणि डॉक्टरांनी तिखट कमी करायला सांगितल्यावर तर जास्तच. यंदा त्यांनी डोंबिवलीच्या भाचीला, अनुजालाही, तिकडे मसाला कुटून घ्यायला सांगितलं होतं. तिचाच सकाळी फोन आला.

"मावशी, मला कुठे पाठवत होतीस? तुझं ते तोरसकर मसाला कांडप कायमचं बंद झालंय. मॅपवर लाल अक्षरांत आलंय."

"मॅपला काय कळतंय कांडपातलं?"

"अगं, खाली मालकांची सूचनापण होती. मागच्या आठवड्यात बघितली तेव्हा फोटो काढून ठेवलाय, थांब, पाठवते."

फोटो आला. कालिंदीबाईंनी चष्मा पुसून वाचला. त्यांची अख्खी नोकरी एका मराठी वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर गेली होती. हरवले-सापडले, नावात बदल, दुःखद निधन, जागा भाड्याने देणे आहे. माणसाचा चेहरा विसरेन पण त्याने लिहिलेली ओळ विसरणार नाही, असं त्या म्हणत, आणि ते खरं असल्यामुळे नातेवाईक त्यांना पत्रं लिहायला घाबरत.

वर लाल अक्षरांत 'कायमचे बंद'. खाली तीन वाक्यं: 'ग्राहकांस नम्र निवेदन. घरगुती कारणामुळे आम्ही दुकान वाढवले आहे. लोभ असू द्यावा.' सही म्हणून फक्त 'मालक'.

गुणाजी तोरसकर सत्तरी ओलांडलेला माणूस. काही बरंवाईट तर झालं नसेल? त्यांनी मिरच्यांची पिशवी उचलली आणि टॅक्सी करून थेट लालबाग गाठलं.

दुकान उघडं होतं! शटर वर, देवापुढे दिवा, भिंतीला टेकून बेडगी आणि संकेश्वरीची पोती, आणि गल्ल्यावर खुद्द गुणाजी, ठणठणीत. फक्त एक गोष्ट चुकत होती. या दिवसांत कांडपाच्या लोखंडी मुसळांच्या दणदणाटात शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि बाकावर नाकाला पदर लावून बायका आपापल्या मिरच्यांवर पहारा देत बसलेल्या असतात. आज मुसळं गप्प होती आणि बाकावर कोणी नव्हतं.

गुणाजींनी मान वर केली. "बाई, तुमी इलात? बाकी सगळ्यांका वाटता, आमचा दुकान मेला."

"कोणी केलं हे?"

गुणाजींनी आवाज खाली आणला आणि हनुवटीने आतल्या खोलीकडे खूण केली. "घरच्याच माणसान. सुनेन केल्यान."

२

आत रुपाली मिरच्यांची देठं मोडत बसली होती. तिला ऐकू गेलं असणार, कारण तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

आता ही रुपाली कोण, ते सांगायला हवं. माझगावची मुलगी, वडील गोदीत कामाला. गुणाजींच्या राहुलशी लग्न करून लालबागला आली आणि राहुल तीन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेला. पदरात मनू, तेव्हा दोन वर्षांची. सगळ्यांना वाटलं ही माहेरी जाणार. ती कांडपावर उभी राहिली.

आणि नुसती उभी राहिली नाही. लोक आता गल्लीत येऊन दुकान शोधत नाहीत, घरूनच मोबाईलवर ठरवून निघतात, हे तिने ओळखलं. मॅपवर दुकान घातलं. नाव, वेळ, फोन नंबर सगळं बरोबर. मिरच्या भाजतानाचे फोटो, मुसळांचा आवाज येणारे छोटे व्हिडिओ. गिऱ्हाईक खूश दिसलं की "ताई, दोन ओळी लिहा ना आमच्याबद्दल" म्हणून आर्जव, आणि लिहिणाऱ्या प्रत्येकाला उत्तर. ज्याने 'आवाज फार' म्हणून एकच तारा दिला, त्यालाही 'पुढच्या वेळी चहा देऊ, आवाज सहन होईल' असं. वर्षभरात 'मसाला कांडप' एवढं टाइप केलं की सगळ्यात वर तोरसकर. ठाण्या-मुलुंडहून माणसं यायला लागली. जिने दिवा लावला, तिच्यावरच फुंकर मारल्याचा आळ! कालिंदीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गुणाजीराव, हिने का करावं असं?"

"तां माका काय ठावक? पण फोनातला ह्या सगळा तिकाच येता. मागच्या पंधरवड्यात आवस आजारी म्हणान ती माजगावाक गेली, आणि तेव्हाच ह्या झाला. दीपक म्हणता, वहिनीक दुकान इकून म्हायेराक जायचा हा."

दीपक म्हणजे गुणाजींचा सख्खा पुतण्या. रुपाली आजारी आईसाठी माहेरी असताना त्यानेच दुकान सांभाळलं होतं.

"आणि तुम्ही ऐकलंत?"

म्हातारा कसनुसा झाला. येत्या अक्षय्य तृतीयेला तो दुकान रुपालीच्या नावावर करणार होता. आता रे रोडहून त्याची थोरली बहीण मीराबाई उद्या संध्याकाळी येणार होती. घरची माणसं बसणार होती. सुनेला दुकानात ठेवायचं की माहेरी पाठवायचं, ते तेव्हा ठरणार होतं. तीन वर्षं मिरचीच्या धुरळ्यात उभ्या राहिलेल्या बाईचा निवाडा तासाभरात, चहाबरोबर.

कालिंदीबाई आत गेल्या. रुपालीचे डोळे लाल होते, पण ते मिरच्यांमुळेही असतील.

"मी आल्या आल्या ती सूचना पुसली, काकू. दुकान उघडं आहे म्हणून कळवलंसुद्धा. ते तपासणीत अडकलंय. रोज बघते. लाल अक्षरं तशीच."

"सूचनेत काय होतं, ते बाबांना सांगितलंस?"

"नाही. कोणालाच नाही."

"का?"

रुपालीने पुढची मिरची उचलली. कालिंदीबाईंनी विषय बदलला. "रोज किती वाजता बंद करता दुकान?"

"आठला शटर खाली घेते," रुपाली म्हणाली. मग मान खाली घालून म्हणाली, "काकू, मी माहेरी जाणार नाही. कोणी ओढून बाहेर काढलं तरी मी इथेच येऊन बसेन. पण बाबांनीच जा म्हटलं, तर मग कशाला बसू?"

३

परळला जुन्या गिरणीच्या जागेवर काचेची इमारत उभी आहे, तिच्या सातव्या मजल्यावर विनीतची कंपनी. दुकानांना मोबाईलवर वर आणून देण्याचा त्याचा धंदा. तोरसकरांचं खातं पहिल्यांदा त्यानेच उघडून दिलं होतं, महिनाभर फुकट. त्या महिन्यात रुपालीने त्याच्याकडून सगळं शिकून घेतलं आणि पुढे त्याला हात जोडले. म्हणजे रागाला कारण होतं, आणि पासवर्डही असणार.

"आहे ना पासवर्ड," विनीत मोकळेपणाने म्हणाला. "तिने बदललाच नाही. मी पंचवीस वेळा सांगितलं तिला. बसा ना मॅडम, एसी वाढवू?"

"एसी राहू दे. दुकान कोणी बंद केलं ते सांग."

"मालकाच्या खात्यातून झालंय एवढं नक्की. बाहेरच्या कोणी केलं असतं तर खाली 'मालक' असं आलं नसतं. पण ते खातं वहिनींच्या मोबाईलवर चालू आहे, दुकानाच्या त्या रबरबँडने बांधलेल्या जुन्या मोबाईलवर चालू आहे, माझ्याकडे आहे. दुकानाच्या मोबाईलला तर लॉकपण नाही. तो गल्ल्यावर पडलेला असतो. कोणीही चहा पिता पिता करू शकतो."

"आणि तू?"

"मी?" त्याला खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "मॅडम, मी तर अभिनंदनाचा मेसेज टाकला त्यांना. हा बघा."

त्याने मोबाईल पुढे केला. 'काँग्रॅट्स काका! नवीन जागेचे फोटो पाठवा, मस्त पेज करू. यावेळी थोडे तरी पैसे द्या!' मेसेज सूचना आली त्याच दिवसाचा होता. वाचल्याची खूण नव्हती. रबरबँडवाल्या मोबाईलवर मेसेज वाचणार कोण?

"नवीन जागा कुठली?"

"असं मला वाटलं. ही जागा सोडली, मोठी घेतली. जाऊ दे, तुम्ही ना मॅडम उलट्या बाजूने शोधा. गेले पंधरा दिवस 'मसाला कांडप लालबाग' टाकलं की सगळ्यात वर कोण येतं?"

त्याने टाइप करून दाखवलं. सगळ्यात वर, हिरव्या ठळक 'आता उघडे आहे'सकट, एक नाव होतं: सामंत स्पाइसेस. तोरसकरांच्या दुकानाच्या बरोब्बर समोरचं.

४

हितेंद्र सामंत बँकेतून वेळेआधी निवृत्त झालेले. आलेल्या पैशांत त्यांनी चकचकीत दुकान थाटलं होतं, मसाला काचेच्या बरण्यांत आणि नोकरांना टोप्या. रोज सकाळी मात्र चहा आणि पेपर तोरसकरांच्याच बाकावर, अगदी रबरबँडवाल्या मोबाईलच्या शेजारी बसून. कालिंदीबाई त्यांच्याकडे शिरल्या त्या भांडायच्या तयारीनेच, पण सामंतच आधी उसळले.

"तुम्ही गुणाजीच्या ओळखीच्या ना? मग सांगा त्याला, हे वागणं बरं नाही! रोज माझ्याबरोबर चहा पितो आणि दुकान वाढवतोय याचा पत्ता लागू देत नाही? मला मोबाईलवर वाचावं लागतं?"

"काय वाचलंत?"

"हेच, की दुकान वाढवले आहे. इथलं बंद करून कुठे मोठं घेतलंय? चिंचपोकळीला? विचारलं तर म्हणतो, खय काय, काही नाही. मला उल्लू समजतो का? दहा दिवस झाले, मी चहाला जाणं सोडलंय."

"तुमच्याकडे गिऱ्हाईक तर वाढलं की."

"वाढलं ना. पण उद्या याचं मोठं दुकान निघालं की सगळं तिकडे पळणार, हे काय मला कळत नाही?"

हा माणूस रागावला होता, पण चोराच्या मनात असते ती चुळबुळ त्याच्यात नव्हती. कालिंदीबाईंनी दुकान किती वाजता बंद होतं ते विचारलं.

"साडेआठला क्लोजिंग. मग हिशोब. बँकेची सवय." सामंतांनी आवाज उतरवला. "एक सांगतो. ती जागा मला विकायची बोलणी आली होती माझ्याकडे, महिन्यापूर्वी. तोरसकरांच्याच घरातून."

"कोणाकडून?"

"ते नाही सांगणार. गुप्त बोलणं गुप्त राहतं, तीही बँकेचीच सवय."

"अहो, एका बाईला उद्या घराबाहेर काढतील!"

"मग उद्या विचारा. चार माणसांत विचारलंत तर खोटं बोलणार नाही."

तोरसकरांच्या घरातून. म्हणजे रुपाली तरी, नाहीतर दीपक. कालिंदीबाई रस्ता ओलांडायला लागल्या तेव्हा त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली, की शोधून शोधून आपण त्या पोरीच्याच गळ्यात फास अडकवणार आहोत की काय.

५

दीपक दुकानातच भेटला. चांगला पोरगा वाटावा असा. आल्या आल्या त्याने स्टूल पुसून दिलं, कालिंदीबाईंच्या पिशवीतली एक मिरची मोडून वास घेतला आणि "एक नंबर माल आहे काकू" म्हणाला.

"रुपाली नव्हती तेव्हा तू होतास ना इथे? फार दमलास असशील. किती वाजता बंद करायचास दुकान?"

दीपकने चटकन जीभ चावली आणि देवाच्या फोटोला हात लावून कपाळाला लावला. "बंद नका म्हणू काकू. दुकानात उभं राहून तसं बोलत नाहीत. आमच्यात वाढवतो म्हणतात. काकाने लहानपणी याच्यावरून माझ्या कानफटात दिलेली आहे. आठला वाढवायचो."

कालिंदीबाईंना मनातून बरं वाटलं. हल्लीच्या पोरांत कोण एवढं पाळतं?

"आणि ती मोबाईलवरची सूचना?"

"ती मी वाचलीपण नाही. मला काय ते मॅप-बिप झेपत नाय. बंद दाखवतायत एवढं लोकांनी सांगितलं. वहिनीने आल्या आल्या काय होतं ते पुसून टाकलं." तो थोडा जवळ सरकला. "का पुसलं, तुम्हीच विचार करा. मी तोंड उघडत नाही. घरातली बाई आहे."

तोंड न उघडता त्याने बरंच सांगितलं होतं. कालिंदीबाई फणसवाडीत परतल्या त्या विचारांचा गुंता घेऊनच. खातं सगळ्यांच्या हाताशी. विनीतला राग, सामंतांना फायदा, रुपालीकडे किल्ली, दीपककडे मोकळं दुकान. कोणालाही सोडता येईना. त्यांनी चहा टाकला आणि तो उकळून उकळून कडू झाला तरी त्यांना भान नव्हतं.

तेवढ्यात अनुजाचा फोन.

"मावशी, लागला का पत्ता?"

"कसला?"

"अगं, नव्या दुकानाचा! इथलं बंद करून दुकान वाढवलंय म्हणतायत ना? म्हणजे दुसरीकडे मोठं काढलं असेल. पत्ता तरी द्यायचा, कसले हे लोक!"

कालिंदीबाईंनी गॅस बंद केला.

"अनुजा," त्या म्हणाल्या, "तू मराठी शाळेत का नाही गेलीस, म्हणून मी तुझ्या आईला आयुष्यभर बोलले. आज मी ते सगळं मागे घेते."

६

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दुकानाच्या मागच्या खोलीत माणसं बसली. मीराबाई पलंगावर, गुणाजी खुर्चीत, दीपक दाराशी, रुपाली कोपऱ्यात उभी. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. मनू तिच्या ओच्याला धरून होती. कालिंदीबाईंनी स्वतःच्या जबाबदारीवर सामंतांना आणि विनीतलाही बोलावलं होतं. विनीत मांडीवर लॅपटॉप घेऊन, मिरचीने शिंकत बसला होता.

"बाहेरच्यांचं काय काम हितं?" मीराबाई म्हणाल्या. "आमचं घरचं ठरलेलंच आहे. हिला दुकान नको, हिला मोकळं व्हायचंय. म्हणून हिने कळ दाबली."

"असेल," कालिंदीबाई म्हणाल्या. रुपालीने दचकून वर पाहिलं. "पण निवाड्याआधी कागद वाचायची रीत असते. ती सूचना तुमच्यापैकी कोणी वाचली आहे?"

मीराबाईंनी नाही म्हटलं. गुणाजींनी मान हलवली. दीपक म्हणाला, "मी तर कालच सांगितलं काकू, नाही वाचली."

"मग ऐका." कालिंदीबाईंनी चष्मा लावला, मोबाईल दूर धरला आणि खिडकीवरच्या जुन्या आवाजात वाचलं, "ग्राहकांस नम्र निवेदन. घरगुती कारणामुळे आम्ही दुकान बंद केले आहे. लोभ—"

"बंद नाही हो काकू!" दीपक कळवळून म्हणाला. "देवासमोर काय ते! वाढवले लिहिलंय, वाढवले."

विनीत शिंकला.

"बरोबर," कालिंदीबाई म्हणाल्या. "वाढवले असंच लिहिलंय. मीच मुद्दाम चुकीचं वाचलं. तुला कसं कळलं, दीपक?"

"कोणी... कोणीतरी बोललं असेल."

"कोण? ही सूचना वाचलेली माणसं या खोलीत बसली आहेत. सामंत, तुम्ही काय वाचलंत?"

"की मोठी जागा घेतली," सामंत म्हणाले. "दहा दिवस रागावून बसलोय."

"विनीत?"

"सेम. मी काँग्रॅट्सपण केलं."

"माझ्या भाचीनेही तेच वाचलं. आता, ज्याला या वाक्याचा अर्थच उलटा लागतो, त्याने ते लिहिलं असेल का?" कालिंदीबाईंचा आवाज चढायला लागला होता आणि त्यांनी तो चढू दिला. "दुकान बंद हा शब्द अशुभ. म्हणून दुकानात वाढलेला माणूस म्हणतो वाढवलं. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. हे लिहिणारा माणूस याच उंबऱ्यावर लहानाचा मोठा झालेला आहे. 'कायमचे बंद' हे तयार बटण होतं, ते दाबताना त्याचं बोट अडलं नाही. पण स्वतःच्या शब्दांत लिहायची वेळ आली आणि हात जड झाला. काकांनी दिलेली कानफटात आठवली. दुकान मारताना शकुन मात्र सांभाळला!"

"मग ही कोण?" मीराबाईंनी रुपालीकडे बोट केलं. "ही पण ह्याच घरात राहते. रोज ऐकते."

कालिंदीबाई थांबल्या. याचं उत्तर त्यांना माहीत होतं असं त्यांना वाटत होतं, पण ते परक्याने बोलण्यासारखं नव्हतं.

ते गुणाजी बोलले. सावकाश, एकेक शब्द हुडकत. "नाय. ती तो शब्द बोलणा नाय. रोज सांजेक मी म्हणतंय, रुपाली, दुकान वाढव. ती म्हणता, शटर घेते खाली, बाबा. तीन वर्सां. माका वाटला, माजगावची सवय."

"सवय नव्हती, बाबा." रुपाली पहिल्यांदाच बोलली. "लग्न झाल्यावर मीपण म्हणायचे, वाढवलं. मग ते गेले त्या दिवशी ह्याच खोलीत आत्याबाई म्हणाल्या, तिचं मंगळसूत्र वाढवा. आणि वाढवलं. तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडातून येत नाही. ती सूचना बघितली तेव्हा मला वाचवेना. म्हणून पुसली. काय लिहिलं होतं ते सांगायचं, तर तो शब्द उच्चारावा लागला असता."

मीराबाईंनी नजर पायांकडे वळवली.

"सामंत," कालिंदीबाई म्हणाल्या, "आता चार माणसांत विचारते. जागा विकायची बोलणी करायला कोण आलं होतं?"

"हाच," सामंतांनी दाराकडे पाहिलं. "म्हणाला, काका आता थकले, लवकरच आपणहून देतील."

"मग काय करू?" दीपकचा सगळा गोडवा एकदम उतरला. "तोरसकरांचं दुकान, आजोबांनी गिरणीत घाम गाळून घेतलेलं, आणि नाव लागणार माझगावच्या पोरीचं? मी सख्खा पुतण्या, मी काय बघत बसू? कोणाला मारलं का मी? चार दिवस गिऱ्हाईक आलं नाही तर काकाला स्वतःला कळलं असतं की विकलेलं बरं. मी कोणाचं नावपण घेतलं नाही!"

"नाव घेतलं नाहीस, बोट दाखवलंस!" कालिंदीबाई आता उभ्याच राहिल्या. "ती आजारी आईच्या उशाशी बसली होती आणि तू तिच्या हाताने लावलेलं झाड कापलंस, वर कुऱ्हाडही तिच्याच हातात दिलीस. गेल्या तीन वर्षांत या मुसळांखाली मिरची घालायला किती वेळा आला होतास रे? आयत्या बिळावर नागोबा! आणि तुम्ही सगळे, गुणाजीराव, तुम्हीसुद्धा. मोबाईल तिलाच येतो म्हणून गुन्हा तिचाच? येतं म्हणून तर तुम्ही जेवत होता."

गुणाजी खुर्चीतून उठले. दीपकला वाटलं आता कानफटात बसणार, लहानपणासारखी, आणि त्याने गाल थोडा पुढेही केला असावा. ती बसली असती तर निभावलं असतं.

"दीपक," गुणाजी म्हणाले, "तुझा-माझा नाता मिया आज वाढवलंय."

विनीतने सुटकेचा श्वास सोडला आणि कालिंदीबाईंच्या कानाशी कुजबुजला, "बरं झालं ना मॅडम. काकांनी मन मोठं केलं."

"घरी जाऊन आजीला विचार," कालिंदीबाई म्हणाल्या.

दीपकला कोणाला विचारायची गरज नव्हती. त्याने चपला हातातच घेतल्या आणि तो गल्लीत उतरला. मीराबाई चहा न पिताच त्याच्या मागून निघाल्या. जाताना त्यांनी मनूच्या डोक्यावर हात ठेवला, पण रुपालीकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

विनीतने लॅपटॉपवर बरीच खटपट केली. दुकान उघडं असल्याचा पुरावा हवा, म्हणाला, चालू व्हिडिओ हवा. म्हणून मग कालिंदीबाईंच्याच मिरच्या कांडपात पडल्या. मुसळं दणादण सुरू झाली, सामंत समोर जाऊन टोपीवाले नोकर बघायला घेऊन आले आणि सगळी गल्ली शिंकली. शेवटी लाल अक्षरं गेली. रुपालीने पासवर्ड बदलला. काय ठेवला ते तिने कोणालाही सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

आठ वाजले. गुणाजींनी गल्ला आवरला, देवाला हात जोडले आणि रोजच्यासारखं तोंड उघडलं.

"रुपाली, दुकान—"

ते थांबले. सत्तर वर्षांची जीभ वळत नव्हती. कालिंदीबाई ताज्या मसाल्याची गरम पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या, त्यांनी उगाच रस्त्याकडे पाहिलं.

"रुपाली," गुणाजी म्हणाले, "शटर खाली घेवया काय?"